जागं कुणी राहायचं?

जपानमध्ये नागोयाजवळ ओबू नावाचं एक शहर आहे. ७ डिसेंबर २००७ ला तिथले ९१ वर्षांचे एक आजोबा घरातून एकटेच बाहेर पडले. त्यांना डिमेन्शिया होता. ते आठवड्यातून सहा दिवस डे-केअर केंद्रात जायचे आणि त्या दिवशीही तिथून नुकतेच परत आले होते. सून बाहेर काहीतरी आवरत होती. ८५ वर्षांच्या पत्नीचा बसल्या बसल्या डोळा लागला. तेवढ्या वेळात आजोबा स्टेशनवर गेले, गाडीत बसले, पुढच्या स्टेशनवर उतरले आणि फलाटाच्या टोकाला असलेल्या पायऱ्यांवरून खाली रुळांवर गेले. गाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला.

गाड्या खोळंबल्या होत्या. रेल्वे कंपनीने नुकसानीचा हिशोब काढला, सुमारे ७२ लाख येन, आणि तो आजोबांच्या कुटुंबाकडे मागितला. जपानच्या नागरी कायद्यात कलम ७१४ आहे. त्यानुसार स्वतःच्या कृत्याची जाण नसलेल्या माणसाने कोणाचं नुकसान केलं, तर त्याच्यावर देखरेख करायची जबाबदारी ज्याची, त्याने ते भरून द्यायचं. मग इथे ती जबाबदारी कोणाची होती?

तीन कोर्टांनी तीन उत्तरं दिली. २०१३ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने सांगितलं की पूर्ण रक्कम पत्नीने आणि दूर योकोहामाला राहणाऱ्या मोठ्या मुलाने भरावी. पत्नी झोपली ही तिची चूक आणि वडिलांच्या देखभालीचे निर्णय मुलगा घेत होता, म्हणून तोही जबाबदार. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मुलाला सोडलं आणि पत्नीला निम्मी रक्कम भरायला सांगितली. १ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मोकळं केलं. केवळ पत्नी आहे किंवा मुलगा आहे म्हणून माणूस कायद्याने रखवालदार होत नाही, प्रत्यक्ष परिस्थिती काय होती ते बघावं लागतं, असं न्यायालय म्हणालं. त्या पत्नीला स्वतःलाच सरकारी नियमांनुसार मदतीची गरज असल्याचं प्रमाणपत्र मिळालेलं होतं.

या खटल्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. घराला लागून असलेल्या ऑफिसच्या दाराला सेन्सर होता, कोणी ये-जा केली की वाजणारा. तो बंद होता आणि खालच्या कोर्टाने हे कुटुंबाच्या विरोधात धरलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे ऑन-कॉलची पाळी असते. रात्री सर्व्हर पडला की ज्याची पाळी त्याचा फोन वाजतो. या कामातला पहिला धडा असा की सतत वाजणारा अलार्म माणूस शेवटी बंद करतो, आणि एकाच माणसाला सलग ऑन-कॉल ठेवलं तर काहीतरी निसटणारच. म्हणून आम्ही पाळ्या लावतो, बॅकअप ठेवतो आणि काही बिघडलं तर ‘झोपलं कोण?’ यापेक्षा ‘एकाच माणसाच्या जागं राहण्यावर सगळं का अवलंबून होतं?’ असं विचारतो. ही साधी शहाणीव आपण सर्व्हरच्या बाबतीत वापरतो. माणसांच्या बाबतीत मात्र एकाच बाईला वर्षानुवर्षं ऑन-कॉल ठेवतो आणि त्याला संस्कार म्हणतो.

डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी जागं कुणी राहायचं, या प्रश्नाला जगात ढोबळमानाने तीन उत्तरं आहेत. एक, त्याच्या घरच्यांनी. दोन, त्याने स्वतःच्या पैशाने कोणालातरी ठेवावं. तीन, आपण सगळ्यांनी मिळून. कोणताही देश यातलं एकच उत्तर शुद्ध स्वरूपात देत नाही, पण कोणता देश आधी कुठे बघतो यावरून तो देश म्हातारपणाला काय समजतो हे कळतं.

दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात विचित्र ठिकाणी सापडतं. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवा मोफत आहे, तिचा तिथल्या लोकांना अभिमान आहे. कॅन्सर झाला तर शस्त्रक्रिया, केमो, हॉस्पिटलचा मुक्काम, कशाचंही बिल येत नाही. पण डिमेन्शिया झाला आणि अंघोळ घालायला, भरवायला, रात्री सोबतीला माणूस लागला, तर बहुतेकांच्या बाबतीत ती ‘आरोग्यसेवा’ धरली जात नाही. ती ‘सामाजिक देखभाल’ आणि तिच्यासाठी मालमत्तेची चौकशी होते. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असली की खर्च तुमचा. ही मर्यादा २०१० पासून बदललेली नाही. कायमचं केअर होममध्ये जावं लागलं आणि घरात जोडीदार राहत नसेल, तर घराची किंमतही त्यात मोजतात.

म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन आजींपैकी एकीला कॅन्सर झाला तर तिचं घर नातवंडांना मिळतं आणि दुसरीला डिमेन्शिया झाला तर घर विकलं जातं. फरक काय, तर एकीच्या आजारावर डॉक्टरकडे करण्यासारखं काही आहे आणि दुसरीच्या आजारावर फारसं नाही. २०११ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने सुचवलं की आयुष्यभरात एका माणसाने यावर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा असावी. २०१४ मध्ये कायदा झाला. मग मर्यादा लागू करणं पुढे ढकललं, २०२१ मध्ये ८६ हजार पौंडांचा नवा आकडा जाहीर झाला आणि २०२४ मध्ये ती योजनाच रद्द झाली.

आजार आणि म्हातारपण यांच्यातली ही रेघ कागदावरची वाटते, पण ती भाषेतही असते. आपल्याकडे ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे. यात आजार कुठेच नाही, फक्त वय आहे आणि थोडी चेष्टा आहे. जपानी भाषेतही डिमेन्शियासाठी मूर्खपणा सुचवणारा शब्द होता. २००४ मध्ये सरकारने तो बदलून ‘निंचिशो’ हा नवा शब्द आणला, म्हणजे साधारण ‘आकलनाचा विकार’. शब्द बदलल्याने कोणाची आठवण परत येत नाही. पण ज्याला आपण चळ म्हणतो त्यासाठी कोणी विमा काढत नाही, विकारासाठी काढतात.

आता तिसरं उत्तर. जर्मनीने १९९५ मध्ये देखभालीचा सक्तीचा विमा सुरू केला. आजारपण, अपघात, निवृत्ती आणि बेकारी यांच्या विम्यांच्या रांगेत हा पाचवा. मालक आणि कामगार दोघांनी हप्ता भरायचा होता. मालकांचा बोजा भरून काढण्यासाठी काय केलं असेल? एक सुट्टी रद्द केली. नोव्हेंबरमधला प्रायश्चित्ताचा आणि प्रार्थनेचा बुधवार सॅक्सनी सोडून सगळीकडे कामाचा दिवस झाला. सॅक्सनीने सुट्टी ठेवली आणि तिथले कामगार त्याबदल्यात जास्त हप्ता भरतात. मला हे फार आवडतं. देशभराने वर्षातला एक दिवस आपल्या म्हाताऱ्यांच्या नावे काम करायचं, यापेक्षा स्पष्ट भाषेत ‘आपण सगळे मिळून’ कसं सांगणार?

सुरुवातीला या विम्यातही खोट होती. शरीर किती चालतं यावरच मदतीची पातळी ठरायची. धडधाकट चालणारा, पण गॅस चालू ठेवून बाहेर जाणारा माणूस त्या मापात बसत नसे. २०१७ पासून पाच नवीन पातळ्या आल्या आणि आकलन, वागणूक, दिवसाची घडी बसवणं या गोष्टीही मोजल्या जाऊ लागल्या.

याच विम्यात एक असा नियम आहे की त्यावर तासभर वाद घालता येईल. ज्यांना मूल नाही त्यांना हप्ता जास्त. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं की मुलं वाढवणारे लोक उद्याचे हप्ते भरणारी पिढी घडवतात, म्हणजे ते विम्यात पैशांखेरीज आणखी काही भरतातच. त्यांच्याकडून इतरांइतकाच हप्ता घेणं अन्यायाचं आहे. २००५ पासून मूल नसलेल्यांवर अधिभार आला. २०२५ मध्ये मूल असलेल्यांचा मूळ दर पगाराच्या ३.६ टक्के आहे आणि मूल नसलेल्यांचा ४.२.

मूल होऊ न देण्याचं ठरवलेल्या माझ्या मैत्रिणींना हे वाचून राग येईल. मलाही आधी आला. पण ‘म्हातारपणाची काठी’ हा आपला शब्दप्रयोग याहून वेगळं काय म्हणतो? फरक इतकाच की आपल्याकडे काठी ज्याची त्याची असते. जर्मनीत सगळ्यांची मुलं मिळून सगळ्यांची काठी. आणि तुमचं स्वतःचं मूल त्यातून बऱ्यापैकी मोकळं असतं. २०२० पासून आई-वडिलांच्या देखभालीचा खर्च सरकारला करावा लागला, तरी मुलाचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंपेक्षा जास्त असल्याशिवाय त्याच्याकडे वसुली होत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. सगळं सरकार आणि विमा करायला लागले तर मुलं आई-बापांना विसरतील. प्रेमाचं काम पैशाचं होईल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात एक खरी भीती आहे. पण जर्मनीत विमा सुरू होऊन तीस वर्षं झाली आणि आजही देखभालीची गरज असलेल्या पाचापैकी चारांहून जास्त माणसं घरीच राहतात, त्यातली बहुतेक नातेवाइकांच्या हातून. विमा त्यांना महिन्याला पातळीनुसार ३४७ ते ९९० युरो रोख देतो. शिवाय घरच्या माणसाची देखभाल करण्यासाठी ज्याने नोकरीचे तास कमी केले, त्याच्या पेन्शनचा हप्ताही विमा भरतो.

हे वाचताना मला माझी काकू आठवली. आजीच्या शेवटच्या सहा वर्षांत तिचं सगळं काकूने केलं. आजी तिला कधी स्वतःची बहीण समजायची, कधी चोर. काकूने त्या काळात शिकवण्या बंद केल्या. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं कौतुक कायम व्हायचं, ‘किती करते हो ही’, मग हात जोडलेले इमोजी. बाबा औषधांचे पैसे पाठवायचे. काकूच्या बुडालेल्या शिकवण्यांचा हिशोब कोणी काढला नाही. काढला असता तर काकूलाच अपमान वाटला असता. ‘मी काय ब्यूरोची बाई आहे का?’ असंच तिने विचारलं असतं.

तो अपमान खरा आहे. प्रेमाने केलेल्या कामाला दर लावला की त्यातलं काहीतरी जातं हे तिला कळतं. पण दर न लावल्याने काय जातं तेही दिसतं. काकूची पेन्शन नाही. तिची कंबर गेली आहे. आणि आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तिचा उल्लेखसुद्धा नाही. त्या कायद्याने आई-वडिलांचा निर्वाह करायची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली. राज्यांनी ठरवायची निर्वाहाची रक्कम महिना कमाल दहा हजार रुपये. ज्येष्ठांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यात मुलांच्या व्याख्येत सून नाही. म्हणजे ज्याच्यावर जबाबदारी तो करत नाही आणि जी करते ती कायद्याला दिसत नाही.

मग काकूला दरमहा रोख रक्कम मिळाली असती तर प्रश्न सुटला असता? जपानमध्ये नेमका हा वाद झाला. जपानने देखभाल विमा २००० मध्ये आणला. चाळिशीपासून हप्ता भरायचा, पासष्टीनंतर गरज पडली की मदत घ्यायची, खर्चाचा साधारण दहा टक्के वाटा स्वतः द्यायचा. कुटुंबाला जर्मनीसारखी रोख रक्कम द्यावी का, यावर तिथल्या स्त्री-संघटनांनी विरोध केला. पैसे आले की सुनेला घरात बांधून ठेवायला कारण मिळेल, ‘आता तर तुला पगारही मिळतो,’ असं होईल. म्हणून जपानने रोख न देता सेवा दिल्या: घरी येणारा मदतनीस, डे-केअर, काही दिवसांचा मुक्काम. जर्मनीने सुनेच्या कामाला किंमत दिली, जपानने ते काम तिच्या हातून थोडं काढून घ्यायचा प्रयत्न केला. दोन्हींत आदर आहे. माझा कल जपानकडे आहे. काकूला पैशांपेक्षा एक अख्खी दुपार हवी होती, जिच्यात कोणी हाक मारणार नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ इव्हा फेडर किटे यांनी १९९९ मधल्या त्यांच्या पुस्तकात यावर एक तत्त्व मांडलं आहे. त्यांची स्वतःची मुलगी आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून होती, त्यामुळे हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. त्या म्हणतात, जो दुसऱ्याची काळजी घेतो तो त्या काळात स्वतःही परावलंबी होतो, कारण त्याला स्वतःसाठी वेळच उरत नाही. म्हणून काळजी घेणाऱ्याची काळजी घेणं हे बाकीच्यांचं कर्तव्य आहे. हे तत्त्व त्यांनी बाळंतिणीची सेवा करणाऱ्या बाईच्या उदाहरणावरून उभं केलं.

हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, अंगाला तेल लावायला बाई. बाळाचं सगळं आईने करायचं, हे मान्य. पण म्हणूनच आईचं सगळं बाकीच्यांनी करायचं, हेही मान्य. तिला विश्रांती दिली म्हणून तिचं बाळावरचं प्रेम कमी झालं असं कोणी म्हणत नाही. आयुष्याच्या सुरुवातीला आपल्याला जे कळतं ते शेवटाला का कळत नाही? डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या सुनेला, मुलीला, नवऱ्याला सव्वा महिना सोडा, सव्वा तास कोण देतं?

ओबूच्या निकालाकडे पुन्हा बघितलं तर अजून एक गाठ दिसते. सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब सोडवलं, पण एक दार उघडं ठेवलं: ज्याने देखरेख प्रत्यक्ष अंगावर घेतली आहे असं परिस्थितीवरून दिसतं, तो जबाबदार ठरू शकतो. म्हणजे जो जवळ राहतो, रोज बघतो, त्यालाच धोका. जो लांब राहून फोन करतो तो सुरक्षित. अशा वेळी जवळच्या माणसासाठी सगळ्यात स्वस्त उपाय एकच उरतो, दाराला बाहेरून कडी. त्या आजोबांना कोंडून ठेवलं असतं तर अपघात झाला नसता, खटलाही झाला नसता. घरच्यांनी तसं केलं नव्हतं. सुनेने त्यांच्या कपड्यांवर नाव आणि फोन नंबर शिवला होता.

जपानमध्ये डिमेन्शियामुळे हरवल्याच्या तक्रारी २०२३ या एका वर्षात १९ हजारांहून जास्त होत्या. तरी कोंडून ठेवायचं नसेल, तर मोकळीकीची किंमत कोणीतरी भरायला हवी. कोबे शहराने २०१९ पासून ती उघडपणे भरायला सुरुवात केली. शहराच्या प्रत्येक करदात्याकडून वर्षाला ४०० येन जास्तीचे घ्यायचे, त्यातून डिमेन्शियाची तपासणी मोफत करायची आणि डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर भरपाई द्यायची. नेदरलँड्समधल्या होगेवाइक या वसाहतीत वेगळा मार्ग काढला आहे. २००९ पासून तिथे डिमेन्शिया झालेले लोक छोट्या घरांत गटाने राहतात. दुकान आहे, उपाहारगृह आहे, चौक आहे, आणि कडी फक्त वसाहतीच्या वेशीला आहे. होगेवाइकला खोटं गाव म्हणून नावं ठेवणारेही आहेत. मला कोबे जास्त खरं वाटतं, कारण तिथे खरंच गावात राहता येतं. पण रात्री तीन वाजता दार वाजवणारे वडील ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासमोर मी हे मत ठामपणे मांडणार नाही.

आणि हे सगळं करणारे हात कुठून येतात? जर्मनीत घरी राहून चोवीस तास सांभाळणाऱ्या बायका बऱ्याचदा पोलंड, बल्गेरिया, रोमानियाच्या असतात. करारात आठवड्याचे तीस तास लिहिलेल्या एका बल्गेरियन बाईने सांगितलं की मी रात्रंदिवस तयारीत असायचे. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने मान्य केलं की नुसतं तयारीत राहण्याच्या तासांनाही किमान वेतन लागू आहे. जागं राहणं हे काम आहे, हे एका कोर्टाने लिहून दिलं.

आता त्या हातांत आपलेही असतील. जपानने २०२१ मध्ये भारताशी कुशल कामगारांचा करार केला, त्यात वृद्धांची देखभाल हे क्षेत्र आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. एखादी मराठी मुलगी जर्मन शिकून तिकडच्या आजोबांना भरवेल, तिला नीट पगार, रजा, पेन्शन मिळेल, आणि तिने ते सगळं घ्यावं. प्रश्न तिच्या जाण्याचा नाहीच. तेच काम तिने इथे केलं तर ते काम धरलं जात नाही, हा प्रश्न आहे.

भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीसारखा विमा उद्या इथे येणार नाही, कारण बहुतेकांचा पगार चिठ्ठीवर दिसतच नाही, हप्ता कशातून कापणार? पण वस्तीत दिवसभराचं एखादं केंद्र, आशाताईंसारखी घरी येणारी प्रशिक्षित माणसं, सांभाळणाऱ्याला महिन्यातून दोन दिवस सुट्टी, एवढं मागायला आपण जर्मनी व्हायची वाट बघायला नको. तोवर घराघरांत करता येईल अशी एक गोष्ट आहे: पाळ्या लावणं. सहा भावंडांनी कौतुकाचे मेसेज पाठवण्यापेक्षा प्रत्येकी एक रविवार. ज्याला येणं शक्य नाही, त्याने त्या रविवारच्या मदतनिसाचे पैसे द्यायचे, औषधांचे वेगळे.

मी एकुलती एक आहे, माझ्याकडे पाळी लावायला भावंडं नाहीत. तुमच्यापैकी अनेकांकडे नसतील. आपल्या पिढीत प्रेम कमी पडेल असं मला वाटत नाही, माणसं कमी पडतील. जपानने हप्त्यासाठी चाळीस हे वय निवडलं, कारण साधारण तेव्हा माणसाचे आई-वडील थकायला लागतात आणि त्याला स्वतःचं म्हातारपणही पहिल्यांदा दिसतं. आपल्याला तिथे पोचायला दहा-बारा वर्षं आहेत. तेवढा वेळ पुरेसा आहे, कोणाचातरी डोळा लागणार हे आत्ताच गृहीत धरलं तर.